सुमित्राबाईंचे शनिवार

सुमित्राबाई डोंगरवार आमच्या गोंदियाच्या शाळेत शिवण आणि भूगोल शिकवायच्या. मी मराठीचा मास्तर. शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची दाराशी होती, पण त्या खुर्चीत त्या बसल्याचं मला फारसं आठवत नाही. चहासुद्धा उभ्यानं घ्यायच्या. अर्धा कप झाला की तो खिडकीत ठेवायच्या आणि निघायच्या, कधी हेडमास्तरांकडे, कधी एखाद्या वर्गात, कधी सरळ फाटकाबाहेर. त्यांचे यजमान ईश्वरदास रेल्वेच्या मालगोदामात कारकून होते. अगदी शांत माणूस. ते एकदा मला म्हणाले, "गुरुजी, हिच्यासंगं बाजारात जायचं म्हणजे मला सायकल लागते."

त्यांना बसण्याचा हा धसका कुठून लागला, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्यांचं माहेर सौंदडजवळ. कापगते घराणं, जातीनं कोहळी, तलावाखालची धानाची शेती. थोरला भाऊ सुकराम. लहानपणी तापात त्याचा डावा पाय वाळला, तेव्हापासून काखेत कुबडी. वडिलांनी त्याला बैलगाडीतून सौंदडच्या स्टेशनावर आणायचं, तिथून गाडीत बसवून गोंदियाच्या बोर्डिंगात पाठवायचं, असं करत करत स्वातंत्र्य आलं त्याच वर्षी तो मॅट्रिक झाला. गावातला पहिला मॅट्रिक. शाळेत त्याला हार घातला, गावात वाजंत्री लावली.

मग तो नोकरीला निघाला. पटवाऱ्याच्या जागेसाठी गेला तर म्हणाले, फिरतीचं काम आहे. मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेला तर डॉक्टरनं दाखला दिला नाही. कचेरीत गेला तर पुढच्या महिन्यात या म्हणाले, आणि तो पुढचा महिना काही आला नाही. सुकराम घरी परतला आणि घरापुढच्या छपरीत खाटेवर बसला.

सुमित्राबाई तेव्हा नववीत होत्या. सुटीत घरी यायच्या तेव्हा भाऊ तिथंच बसलेला. रस्त्याकडे तोंड करून. तो कोणावर चिडायचा नाही की कुणाला बोल लावायचा नाही. पुढे बाईंचं मॅट्रिक झालं, ट्रेनिंग झालं, लग्न झालं, बावन्न साली त्या आमच्या शाळेत आल्या, तरी भाऊ तिथंच.

"गुरुजी," त्या मला एकदा म्हणाल्या, "शाळेनं त्याले इतकी वर्षं शिकवलं. पण शाळा संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यानं काय करायचं, हे कोणाच्याच मनात आलं नाही."

त्यामुळे अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात, भोजराज दिसला आणि बाई पेटल्या. भोजराजला उजेड आणि माणसाची आकृती तेवढी दिसायची. मित्र वाचून दाखवायचे, तो ऐकून पाठ करायचा. परीक्षेत त्याच्यासाठी लिहिणारा मिळावा म्हणून बाईंनी नागपूरच्या दोन चकरा मारल्या आणि परवानगी आणली. तो पास झाला. आता दुसरा सुकराम होऊ द्यायचा नाही, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. भंडाऱ्याच्या रस्त्यावर घनश्यामसेठची राइस मिल होती. बाई तिथं जाऊन बसल्या, म्हणजे उभ्याच राहिल्या, आणि म्हणाल्या, "सेठजी, पोरगा हुशार आहे. तुम्हाला पुण्य लागेल."

सेठ मनानं उदार होते. "अरे बाई, एक लड़के का क्या है? बिठा देंगे."

आणि त्यांनी भोजराजला खरोखरच बसवलं. फाटकाजवळच्या बाकावर. कोणी मोठा व्यापारी आला की सेठ त्याला बाकाकडे बोट दाखवून सांगायचे, "इसको हमने रखा है." भोजराजनं पाणी विचारायचं, नमस्कार करायचा आणि पुन्हा बसायचं.

दिवाळीनंतर तो जाईनासा झाला. बाईंनी त्याला बाजारात गाठलं. मी बरोबर होतो.

"काऊन सोडलं रे?"

"सोडाले काम तं पायजे ना बाई."

"सेठ काही बोलले का?"

"सेठ चांगले आहेत. पेढे देत. पण तुमी माह्यासाठी भीक मांगली. त्या बाकावर बसून मले ते रोज दिसे."

बाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्या म्हणाल्या, "मग तुले काय पायजे होतं?"

"आता विचारून राहिल्या! मले बोलाचं काम पायजे. लोकांत. माहा आवाज चांगला आहे, बाकी काय आहे माह्यापाशी?"

पुढच्या महिन्यात भोजराजनं स्वतःच काम शोधलं. गावात टुरिंग टॉकीज आली होती. टांग्यात पाट्या बांधून, हातात भोंगा घेऊन, तो गल्लोगल्ली खेळाची वर्दी द्यायला लागला. आवाज असा की मनोहर चौकात बोलला तर शाळेत ऐकू यायचा. हेडमास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "मॅट्रिक होऊन सिनेमाची आरोळी!" वर्ग चालू असताना टांगा शाळेवरून गेला की बाई खिडकीशी जायच्या आणि टांगा वळेपर्यंत तिथंच थांबायच्या. आनंद होता की टोचणी, मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही.

त्यानंतर त्यांनी आपली रीत बदलली. अकरावी होईपर्यंत थांबायचं नाही, असं ठरवलं. नववीपासूनच अशा मुलांना शनिवारी, सकाळची शाळा सुटली की कुठंतरी कामाच्या जागी न्यायचं. शिकू द्यायचं, चुकू द्यायचं, नको वाटलं तर दुसरीकडे न्यायचं. आणि आधी मुलाला विचारायचं.

"बाई, ही शाळा आहे. रोजगार कचेरी नव्हे," हेडमास्तर म्हणाले.

"शनिवारी दुपारी ती शाळा नसते, सर," बाई म्हणाल्या आणि छत्री घेऊन निघाल्या.

चौपन्न साली नववीत धुरपता फुंडे आली. तिरोड्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी, गोंदियात मावशीकडे राहून शिकायची. नऊ वर्षांची असताना मोठा ताप आला आणि त्यात दोन्ही कान गेले. बोलता यायचं, पण आवाज एकसुरी आणि फार मोठा निघायचा. पोरं हसत, म्हणून ती पाटी वापरायची. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं मात्र इतकं नेमकं ओळखायची की पहिल्या दिवशी मला ती बहिरी आहे हे कळलंच नाही.

सगळे म्हणाले, पोरीला शिवण शिकवा. शिवणाच्या बाई समोरच होत्या, मशीन शाळेचं होतं. बाईंनाही तेच सोपं वाटलं असणार. तरी त्यांनी विचारलं. धुरपतानं पाटीवर लिहिलं, "शिवण आवडत नाही. तुमचा तास सुद्धा आवडत नाही."

बाई पाटी घेऊन शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि सगळ्यांना दाखवत हसल्या. त्यांना इतकं मोकळं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

धुरपताला काय हवं होतं ते गॅदरिंगच्या वेळी कळलं. कार्यक्रमपत्रिका छापायला गुलाबचंदच्या छापखान्यात दिली होती. तपासायला बाई तिला सोबत घेऊन गेल्या. तिथं लाकडी केसच्या, म्हणजे उथळ पेटीच्या, लहान लहान खान्यांत शिशाचे खिळे होते, एकेका अक्षराचे, मात्रांचे, वेलांट्यांचे. जुळारी उभं राहून एकेक खिळा उचलत होता आणि उलट्या अक्षरांच्या ओळी लावत होता. धुरपता त्या केससमोरून हलेना. घरी जाताना तिनं लिहिलं, "इथं."

गुलाबचंद मारवाडी, वय पन्नाशीचं, तोंडात सदा पान. ऐकल्याबरोबर त्यांनी हात हलवला. "बाईजी, लड़की है, ऊपर से सुनती नहीं. मशीन चलती है यहाँ. कल कुछ हो गया तो?"

बाईंनी या वेळी पुण्याचं नाव काढलं नाही. "नोकरी मांगत नाही. शनिवारी आणि सुटीत येईल. मशीनपाशी जाणार नाही, फक्त खिळे जुळवील. तुमच्या माणसाला तिच्या चुका पहिल्यांदा सोसाव्या लागतील. पुढं उपयोगाची झाली तर मजुरी द्या. नाही झाली तर मला सांगा, मी घेऊन जाईन."

गुलाबचंदांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "दिवाली तक."

पण महिन्याभरात ते बाईंना म्हणाले, पोरीला अक्कल नाही. एक सांगितलं की दुसरंच करते. बाई धावत गेल्या आणि कोपऱ्यात उभ्या राहून पाहू लागल्या. शेवटी त्यांच्या लक्षात आलं. धुरपता ओठ वाचायची ते झाडीतल्या, म्हणजे आमच्या इकडच्या, बोलीचे. गुलाबचंद बोलायचे हिंदी, तेही गालात पान धरून, म्हणजे ओठ निम्मे मिटलेले. तिला काही कळतच नव्हतं, आणि ती नव्यानं आलेली असल्यामुळे मान हलवून मोकळी होत होती.

मग मधल्या सुटीत बाई तिला समोर उभी करून हिंदी बोलायच्या. "उठाओ. छोड़ो. बड़ा अक्षर. गलत है. कल आना." पोरं दारातून डोकवायची. बाईंचं हिंदी मालगोदामातून आलेलं, त्यामुळे मलाही हसू यायचं. दोघींनी उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत आणि पुढे पावसाळाभर हे केलं. पानाचं मात्र काही करता येईना. एका शनिवारी गुलाबचंद तिला काहीतरी सांगत होते. धुरपतानं पाटी काढली, लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरली. "आधी पान थुंका, मग बोला."

गुलाबचंदांनी पाटी दोनदा वाचली, बाहेर जाऊन पान थुंकून आले आणि सावकाश, एकेक शब्द तोडून पुन्हा सांगितलं.

धुरपता शिकत होती, आणि दिवाळी आली तरी गुलाबचंदांनी मुदतीचं नाव काढलं नाही. बाईंना खरं म्हणजे थोडं स्वस्थ व्हायला हरकत नव्हती. पण त्याच दिवाळीत त्या माहेरी गेल्या आणि परतल्या त्या एक दिवस आधीच. काय झालं ते तिसऱ्या दिवशी मला सांगितलं.

छापखान्यात छापलेलं तपासायला माणूस हवा होता. बसून करायचं काम. सुकरामचं मराठी चांगलं, अक्षर चांगलं. बाईंना वाटलं, इतक्या वर्षांनी दार उघडलं. त्या भावाला म्हणाल्या, "दादा, चल माह्यासंगं. मी बोलून ठेवलं आहे."

सुकरामनं विचारलं, "मानूस कोनाले पायजे? छापखान्याले का तुले?"

"असा काऊन बोलून राहिला?"

"सुमे, गाव मले आता असाच ओळखते. सकाळी चार लोक येतेत, अर्ज लिहून मांगतेत, पान्याच्या पाळीचा तंटा सांगतेत. तिथं आलो तं मी पुन्हा पयल्यापासून लंगडा होईन. एकेका मानसाले नव्यानं पाय दाखवू का? तुले मी बसलेला पाहवत नाई. तो तरास तुहा आहे. माहा नाई."

त्या संध्याकाळी बाई तलावाच्या बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिल्या. भावाचं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं. खोडताही आलं नव्हतं.

"त्या वर्षीच नेलं असतं तं तो आला असता," त्या मला म्हणाल्या. "सत्तेचाळीस साली. तेव्हा त्याले यायचं होतं."

मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही नववीत होता, बाई."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही फालतूच मुद्दा काढला होता.

सत्तावन्नच्या निवडणुका आल्या आणि छापखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. पत्रकं, नावांच्या चिठ्ठ्या, सभांच्या जाहिराती. धुरपता अकरावीत होती, परीक्षा तोंडावर होती, तरी शनिवार ती चुकवत नव्हती. एका शनिवारी दोघेजण लोखंडी चौकटीत आवळलेला अख्खा मजकूर उचलून मशीनकडे नेत होते. अरुंद वाट. "हटो, हटो," ते ओरडले. धुरपताची पाठ वाटेकडे होती. खिळा घ्यायला ती एक पाऊल मागे आली आणि धक्का बसला. चौकट निसटली. दिवसभराच्या कामाचे खिळे फरशीभर विखुरले. एकाच्या पायाचं बोट ठेचलं.

गुलाबचंदांनी हात जोडले. "बस, बाईजी. हो गया."

मावशीनं तिरोड्याला निरोप धाडला. धुरपताचे वडील भैयाजी येणार असं कळलं. बाई त्या संध्याकाळी आधी छापखान्यात गेल्या, गुलाबचंद भेटले नाहीत. मग मावशीकडे गेल्या, मावशीनं दार अर्धंच उघडलं. मग हेडमास्तरांकडे. "मी आधीच म्हणालो होतो," ते म्हणाले. ईश्वरदास कंदील घेऊन त्यांना शोधायला निघाले होते, ते मला वाटेत भेटले.

सोमवारी धुरपता शाळेत आली नाही. बाईंनी पहिला तास कसाबसा घेतला, वर्ग माझ्याकडे सोपवला आणि गेल्या. मावशीकडे ती नव्हती. बाईंना वाटलं बापानं नेली, म्हणून स्टेशन गाठलं. तिथं भैयाजी नुकतेच गाडीतून उतरत होते, एकटेच. त्यांनाही पोरगी कुठं आहे हे माहीत नव्हतं. दोघं मिळून शोधत शोधत छापखान्याशी आले.

धुरपता फरशीवर मांडी घालून बसली होती. समोर विखुरलेल्या खिळ्यांची रास. एकेक उचलायची, अक्षर पाहायची, आपापल्या खान्यात टाकायची. अर्ध्याहून जास्त झालं होतं.

"सुबह से आई है," गुलाबचंद म्हणाले. "मैंने नहीं बुलाया."

आणखी एक गोष्ट बाईंच्या ध्यानात आली. धुरपताची केस नेहमीच्या जागी नव्हती. तिनं ती खालच्या लाकडी घोड्यासकट ओढून भिंतीशी नेली होती आणि फिरवली होती. आता ती उभी राहिली की पाठीशी भिंत होती आणि समोर सगळा छापखाना, दारापासून मशीनपर्यंत.

धुरपतानं बाईंकडे पाहिलं आणि पाटी न घेता आपल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "मी पयलेच सांगनार होती. माह्या पाठीमांगं भिंत पायजे. तुमी दर खेपेस घाईत राहत होत्या."

दोन जुळारी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि खिळे वेचायला फरशीवर बसल्या.

भैयाजी दारातच उभे होते. डोक्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी हातात घेतला. "बाई, तुमचे उपकार आहेत जी. पण पोरगी माही आहे. आता पुरे. एक जागा आली आहे, उन्हाळ्यात लगन करून टाकतो."

बाई काही बोलायच्या आत गुलाबचंदच पुढे आले. "भाऊ, अभी मत ले जाओ. मेरे दो आदमी बीमार हैं, परसों तक इतना सारा छापना है. इसका हाथ चलता है. इलेक्शन हो जाने दो."

भैयाजींना हे नवीन होतं. पोरीला कोणी ठेवून घ्या म्हणतंय, आणि तेही दया म्हणून नव्हे. ते काही वेळ तिच्या बोटांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मंग इलेक्शन होऊ द्या."

निवडणूक झाली, परीक्षा झाली. धुरपता मॅट्रिक झाली. लग्नासाठी आलेली ती जागा तोवर दुसरीकडे ठरली होती, आणि तिला त्याचं दुःख झाल्याचं दिसलं नाही. जूनपासून ती छापखान्यात रोज जायला लागली, इतर जुळाऱ्यांसारखी, त्यांच्याच दरानं. दराबद्दल बाईंनी भांडायची तयारी केली होती, पण धुरपतानं ते आधीच पाटीवर मिटवून टाकलं होतं.

शनिवार चालू राहिले. सगळेच काही जमले नाहीत. एक मुलगा घड्याळजीकडून आठवड्यात परतला. एक मुलगी बिडीच्या कारखान्यात हिशेबाला रमली, आणि तिच्या आईनं तिला काढून घेतली. बाईंनी वर अर्ज पाठवले की अशा मुलांसाठी शाळेत एक नेमलेला माणूस असावा. आधी ते अर्ज नागपूरला जात, छप्पन्न साली आमचा भाग मुंबई राज्यात गेल्यावर मुंबईला जायला लागले. उत्तर कुठूनच आलं नाही.

साठ सालच्या मे महिन्यात नवीन राज्य झालं आणि कचेऱ्यांचे सगळे कागद, पाकिटं, नमुने नव्यानं छापायचे झाले. जूनअखेर शाळा उघडताच गुलाबचंद स्वतः शाळेत आले. शाळेच्या फाटकात त्यांना मी प्रथमच पाहत होतो.

"बाईजी, काम बहुत है. धुरपता जैसी और कोई है क्या?"

असा प्रश्न कोणी येऊन विचारावा, यासाठी ही बाई आठ वर्षं धावली होती. पण त्या वर्षी त्यांच्याकडे एकच मुलगा होता, टिकाराम. सालेकशाकडचा. उसाच्या चरकात डावा हात कोपरापर्यंत गेलेला. त्याला रेल्वेत तिकिटाच्या खिडकीवर काम करायचं होतं, आणि रेल्वेच्या डॉक्टरनं त्याला दोनदा परत पाठवलं होतं.

बाईंनी त्याला व्हरांड्यात बोलावलं. "छापखान्यात जागा आहे. एका हातानं जमेल असं काम पाहू. जातोस?"

"नाई जी. मले रेल्वेतच जाचं आहे."

बाईंचे ओठ हलले. त्या त्याला समजावणार होत्या, ते मला स्पष्ट दिसलं. जागा आहे, आज आहे, उद्या नसेल. पण त्यांनी तोंड मिटलं आणि गुलाबचंदांना सांगितलं, "या वर्षी कोणी नाही, सेठजी."

गुलाबचंद निराश होऊन गेले. पुढे धुरपतानंच मार्ग काढला. मंदाबाई नावाची एक ऐकू येणारी बाई तिनं हाताखाली घेतली आणि तिला शिकवायला लागली. मंदाबाईला आधी पाटीवर भरभर लिहायला शिकावं लागलं.

त्या दिवशी गुलाबचंद फाटकाबाहेर पडले आणि बाई तिथंच व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरू लागल्या. "डॉक्टर नाही म्हणतो, तर डॉक्टरच्या वर कोण असतं? बिलासपूरच्या रेल्वे कचेरीत असेल. ह्यांना विचारते. टिकाराम, तुझे कागद कुठं आहेत?"

"बोर्डिंगात, बाई."

"आण. आत्ता आण. मी स्टेशनवर पुढं होते."

टिकाराम पळाला. तास सुरू व्हायची घंटा झाली. बाईंचा भूगोलाचा वर्ग होता, सातवी अ. मी म्हटलं मी घेतो. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्या मैदानाच्या मधोमध पोचल्या होत्या, जूनच्या उन्हात, छत्री न उघडता.